मध्यंतराचा संघ

अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासाची पुस्तके चाळली, तर 'ऊरँग इंडियन्स' या संघाला त्यांत हमखास एक परिच्छेद मिळालेला दिसतो, आणि तो परिच्छेद हमखास हसतहसत लिहिलेला असतो. ओहायो राज्यातील एक कुत्र्यांचा व्यापारी, आपल्या कुत्र्यांच्या जाहिरातीसाठी त्याने उभा केलेला संघ, संघात सगळे 'रेड इंडियन', सामन्याच्या मध्यंतरात अस्वलाशी कुस्ती आणि दोन हंगामांतील वीस सामन्यांपैकी सोळा पराभव. एवढा मालमसाला एका जागी मिळाल्यावर इतिहासकाराची लेखणी गमतीकडे वळली, तर त्यात नवल नाही. आमचा आक्षेप गमतीला नाही. ती गंमत मुळात कोणी रचली, हा प्रश्न विचारला जात नाही, याला आहे. या संघाकडे प्रेक्षकाने कसे पाहावे, हे एका विक्रेत्याने संघाच्या जन्माआधीच ठरवून ठेवले होते. शंभर वर्षांनंतरही आपण त्याने मांडून दिलेल्या खुर्चीत बसूनच तो खेळ पाहत असू, तर ती जाहिरात अजून संपलेली नाही, असेच म्हणावे लागेल.

साहित्याच्या अभ्यासकांनी एका विस्मृत क्रीडासंघाच्या वाटेला का जावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की हा संघ खेळण्यासाठी जितका होता, त्याहून अधिक 'वाचला जाण्यासाठी' होता. त्यातील नावे, वेष, देखावे, प्रसिद्धिपत्रके, सारे काही एका ठरावीक वाचनाकडे प्रेक्षकाला नेणारे होते. संहिता कोण लिहितो, तिच्यातील पात्रे कोणाच्या सोयीची असतात आणि पात्राची भूमिका करणाऱ्या माणसाला स्वतःचे असे काय उरते, हे प्रश्न आपण कादंबरी-नाटकांना नेहमीच विचारतो. ते येथेही विचारता येतात, आणि येथे त्यांची उत्तरे अधिक बोचरी आहेत. कारण पात्रांच्या जागी हाडामांसाची माणसे आहेत.

प्रथम वस्तुस्थिती सांगतो. वॉल्टर लिंगो हा ओहायोतील ला-रू या गावचा राहणारा. गावाची वस्ती हजाराच्या आत. मूळच्या यॉर्कशरच्या एअरडेल टेरिअर या कुत्र्यांची पैदास करून ते टपालाने आलेल्या मागणीनुसार देशभर विकण्याचा त्याचा मोठा व्यवसाय होता. 'किंग ऊरँग' या नामांकित नराच्या नावावरून त्याने आपल्या कुत्र्यांना 'ऊरँग एअरडेल' असे नाव दिले होते. जाहिरातीच्या बाबतीत हा गृहस्थ आपल्या काळाच्या पुढे होता. 'ऊरँग कॉमेंट्स' नावाचे स्वतःचे प्रसिद्धिपत्रही तो काढत असे. काळही अनुकूल होता. १९२१ साली अध्यक्षपदी आलेले वॉरन हार्डिंग हे ला-रूच्याच परगण्यातील मॅरियन शहरचे, आणि त्यांचा लाडका 'लॅडी बॉय' हा कुत्राही एअरडेलच. व्हाइट हाउसमधील त्या कुत्र्याची छायाचित्रे वृत्तपत्रांतून सतत झळकत असत.

१९२२ साली लिंगोने व्यावसायिक फुटबॉलच्या लीगमध्ये आपला संघ उतरवला. याच वर्षी त्या लीगने 'नॅशनल फुटबॉल लीग' हे आजचे नाव धारण केले. प्रवेशशुल्क शंभर डॉलर होते आणि लिंगोचा एक कुत्रा दीडशे डॉलरला विकला जाई, असे या संघाविषयी लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. कुत्र्याहून संघ स्वस्त! एवढा एक तपशील सांगितला, की वाचक हसतो आणि पुढे सरकतो. ला-रू हे या लीगमध्ये संघ असलेले आजवरचे सर्वांत लहान गाव ठरले. गावात सामन्याजोगे मैदान नव्हते. म्हणून 'घरचे' म्हणावेत असे मोजके सामने मॅरियन येथे झाले आणि बाकी सारा संसार आगगाडीत आणि परगावी. हे लिंगोच्या सोयीचेच होते. जाहिरात घरी बसून होत नाही.

संघाचा प्रशिक्षक आणि प्रमुख खेळाडू म्हणून त्याने जिम थॉर्प याला आणले. सॅक अँड फॉक्स या राष्ट्राचा हा खेळाडू १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदके जिंकून आलेला, १९२० साली लीगच्या पूर्वावताराचा पहिला अध्यक्ष झालेला, आणि आता पस्तिशीला पोचलेला. त्याच्याबरोबर जो गायन आणि पीट कॅलॅक हे दोघे नामवंत खेळाडू आले. अट एकच होती: संघातील प्रत्येक जण मूळनिवासी असला पाहिजे. चिपेवा, चेरोकी, मोहॉक, विनेबॅगो अशा निरनिराळ्या समाजांतील माणसे गोळा झाली. आठवड्याचे दिवस त्यांनी सरावाबरोबर लिंगोच्या कुत्र्यांची निगा राखण्यात आणि त्यांना शिकवण्यात घालवावेत आणि सुटीच्या दिवशी सामना खेळावा, असा एकूण बेत होता.

आता या जागेचा इतिहास पाहा. ला-रूच्या परिसरात आणि त्याच्या उत्तरेस एकेकाळी वायंडॉट लोक राहत. १८४३ साली त्यांना मिसिसिपीच्या पलीकडे हलवण्यात आले. ओहायो सोडणारी ती शेवटची जमात. त्यांच्या दंतकथा ऐकतच लिंगो लहानाचा मोठा झाला आणि इंडियन माणसाचे जनावरांशी काही गूढ नाते असते, अशी त्याची श्रद्धा होती, असे सांगितले जाते. ही श्रद्धा प्रामाणिक असेलही. परंतु ज्या भूमीवरून खरी माणसे घालवून दिली, त्याच भूमीवर सत्तर-ऐंशी वर्षांनी त्यांच्यासारखी दिसणारी माणसे पगार देऊन आणायची, आणि त्यांच्या 'गूढ नात्या'च्या जोरावर कुत्रे विकायचे, यातील क्रम नजरेआड करून चालणार नाही. दंतकथा होण्यासाठी आधी माणसांनी गाव सोडावे लागते.

या संघाच्या नामावळीकडे वळू. लाँग टाइम स्लीप, बिग बेअर, ईगल फेदर, वॉर ईगल, रेड फँग, व्हाइट क्लाउड, टॉमहॉक, लाफिंग गॅस, डीअर स्लेअर. म्हणजे दीर्घनिद्र, थोरले अस्वल, गरुडपीस, रणगरुड, रक्तदंत, शुभ्रमेघ, कुऱ्हाड, हास्यवायू, मृगहंता. यांतील काही नावे खरोखरीच्या आडनावांची इंग्रजी रूपे होती, काही सोबत्यांनी चिडवून ठेवलेली होती, काही उघडउघड भिंतीवरच्या जाहिरातीसाठी होती. तिकीट काढून आत आलेल्या माणसाला मात्र ती सगळी एकाच रंगाची दिसत. आणि तशी ती दिसावीत, हाच तर उद्देश होता. 'लाँग टाइम स्लीप' हे नाव प्रेक्षकाच्या कानी पडे तेव्हा त्याला एखादे प्राचीन, गूढरम्य काव्य ऐकल्यासारखे वाटत असणार. प्रत्यक्षात निक लासा नावाच्या या खेळाडूला सकाळी अंथरुणातून उठवणे हे मोठे कष्टाचे काम असे, म्हणून सोबत्यांनी त्याची केलेली ती थट्टा होती, असे सांगतात. एकच शब्द, पण आतल्यांसाठी विनोद आणि बाहेरच्यांसाठी पुराण.

'डीअर स्लेअर' या नावाची गंमत साहित्याच्या विद्यार्थ्याला वेगळी सांगायला नको. जेम्स फेनिमोर कूपर याच्या १८४१ सालच्या कादंबरीचे शीर्षक हेच आहे, आणि त्या कादंबरीत हे नाव धारण करणारा नायक नॅटी बम्पो हा गोरा आहे. मूळनिवाशांमध्ये वाढलेला, त्यांच्या विद्या आत्मसात केलेला, पण गोरा. म्हणजे गोऱ्या लेखकाने कल्पिलेल्या गोऱ्या नायकाचे नाव शेवटी एका खऱ्या मूळनिवासी खेळाडूच्या अंगावर चढले. कूपरच्या कादंबऱ्यांवर पोसलेल्या प्रेक्षकाला ते 'अस्सल' वाटले असणार यात शंका नाही. अस्सलपणाची कसोटीच पुस्तकातून आलेली होती.

आणि जिम थॉर्पचे काय? त्याच्या आईने ठेवलेले नाव होते वा-थो-हक, म्हणजे 'उजळलेली वाट'. या साऱ्या नामावळीत सर्वांत सुंदर ठरले असते असे हे खरेखुरे नाव लिंगोच्या जाहिरातीला लागले नाही. कारण 'जिम थॉर्प' हे नाव आधीच विकले जात होते. ज्याला बाजारात किंमत नव्हती त्याला 'इंडियन' नाव, आणि ज्याच्या इंग्रजी नावाला किंमत होती त्याचे इंग्रजी नावच बरे. परंपरेचा पुळका किती खोल होता, हे एवढ्यावरून कळावे.

या नावांचे खरे मोल कळण्यासाठी मात्र ला-रूहून मागे, पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे जावे लागते. थॉर्प, गायन, कॅलॅक हे तिघेही तेथील 'इंडियन इंडस्ट्रियल स्कूल'चे विद्यार्थी. १८७९ साली रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने ही निवासी शाळा काढली. त्या विद्यार्थ्यातील 'इंडियन' मारावा आणि माणूस तेवढा वाचवावा, या आशयाचे त्याचे १८९२ सालच्या भाषणातील वाक्य आज कुप्रसिद्ध आहे. शाळेत आल्याबरोबर मुलांचे केस कापले जात, घरची वस्त्रे काढून गणवेष चढवला जाई, मातृभाषा बोलण्यास बंदी असे. आणि नावे बदलली जात. पहिल्याच तुकडीत आलेल्या लूथर स्टँडिंग बेअर याने पुढे आपल्या आत्मकथनात ही हकीकत लिहून ठेवली आहे: फळ्यावर काही चिन्हे काढलेली होती, मुलांच्या हाती छडी देऊन त्यांतील एकावर ठेवायला सांगितले गेले, आणि ज्यावर छडी टेकली ते त्या मुलाचे नाव झाले. ती अक्षरे वाचता येण्याआधीच मुलाला आपले नाव निवडावे लागले.

ही शाळा १९१८ साली बंद झाली. चारच वर्षांनी तिच्याच माजी विद्यार्थ्यांना ला-रूच्या व्यापाऱ्याने बोलावले. बालपणी ज्यांना सांगितले गेले की तुमची नावे, तुमचे वेष, तुमचे नाच टाकून द्या, त्यांना तरुणपणी सांगितले गेले की पिसे लावा, नाच करा आणि पोस्टरवर शोभेल असे नाव घ्या. दोन्ही वेळा सांगणारा दुसराच कोणी होता. आमच्या मते ऊरँग संघाच्या कथेचा गाभा येथे आहे, आणि गमतीच्या परिच्छेदांत नेमका तोच गाळलेला असतो.

शाळा आणि खेळ-तमाशे यांचे त्या काळी हाडवैर होते, हे येथे नोंदवले पाहिजे. १८८३ साली सुरू झालेल्या बफेलो बिलच्या 'वाइल्ड वेस्ट' प्रयोगांना प्रॅटसारख्या सुधारकांचा कडवा विरोध होता. आम्ही सुधारलेली माणसे हे लोक पुन्हा रानटी करून दाखवतात, ही त्यांची तक्रार. वरवर पाहता ही दोन टोके. परंतु प्रॅटने काय केले होते? आलेल्या मुलांची 'आधी' आणि 'नंतर' अशी छायाचित्रे काढवून ती सर्वत्र वाटली होती. आधी मोकळे केस आणि घोंगडी, नंतर कापलेले केस आणि गळाबंद कोट. ही जाहिरातच होती, शाळेच्या मालाची. तिच्यात 'आधी'चे छायाचित्र 'नंतर'च्या छायाचित्राइतकेच आवश्यक होते. तमाशाला 'आधी'चे चित्र हवे होते आणि शाळेला दोन्ही. स्टँडिंग बेअर स्वतः १९०२ साली बफेलो बिलच्या ताफ्याबरोबर इंग्लंडला गेला, ही गोष्ट विसंगत वाटू नये. दोन्हीकडे त्याच्या रूपालाच भाव होता.

आता मध्यंतराकडे येऊ. वाचकांपैकी ज्यांचा या खेळाशी परिचय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द: अमेरिकन फुटबॉल हा पायापेक्षा हातांनी आणि अंगबळाने खेळला जाणारा खेळ. अकरा-अकरा खेळाडू, लंबगोल चेंडू. चार प्रयत्नांत तो दहा यार्ड पुढे न्यायचा, आणि समोरच्यांनी नेणाऱ्याला अंगावर झेप घेऊन पाडायचे. त्या काळी आजच्यासारखी चढाईला एक तुकडी आणि बचावाला दुसरी अशी चैन नव्हती. तेच खेळाडू जवळजवळ सगळा वेळ मैदानात असत. अशा खेळात मध्यंतर हे श्वास घेण्यासाठी, जखमा बांधण्यासाठी आणि पुढच्या अर्ध्याची आखणी करण्यासाठी असते.

ऊरँग इंडियन्सचे मध्यंतर यासाठी नव्हते. समोरचा संघ विसावा घेत असे, तेव्हा हे खेळाडू कुत्र्यांना घेऊन पुन्हा मैदानात येत. एअरडेल नेमबाजीची निशाणे उचलून आणून दाखवत, अस्वलाला झाडावर चढायला लावत. खेळाडू नाच करीत, कुऱ्हाडी आणि सुरे फेकून दाखवीत, दोरखंडाचे फास टाकीत. लासा अस्वलाशी कुस्ती खेळे. थॉर्प मैदानाच्या मध्यावरून चेंडू लाथाडून गोलखांबांच्या पलीकडे पाठवून दाखवी. पहिल्या महायुद्धाचा एक देखावाही असे: त्यात इंडियन टेहळे जर्मनांशी लढत आणि जखमी सैनिकांना मदत पोचवण्याचे काम एअरडेल करीत. पीट कॅलॅक त्या युद्धात खरोखर युरोपात जाऊन लढून आला होता. स्वतः लढलेल्या युद्धाचा देखावा कुत्र्यांच्या विक्रीसाठी मैदानात उभा राहताना पाहणे म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनीच करावी.

लिंगोच्या दृष्टीने हा क्रम अगदी बरोबर होता. त्याच्यासाठी सामना हे निमित्त आणि मध्यंतर हा मुख्य प्रयोग. आज अमेरिकेतील मोठ्या सामन्यांत मध्यंतराचा जो झगमगाटी कार्यक्रम होतो, त्याचे मूळ काही जण याच संघात शोधतात आणि लिंगोला द्रष्टा ठरवतात. ठरवोत बापडे. परंतु त्या झगमगाटात गाणारे गायक पुढच्या अर्ध्यात खेळायला उतरत नाहीत, हा फरक ध्यानात ठेवायला हवा. १९२२ मध्ये तीन विजय आणि सहा पराभव, १९२३ मध्ये एक विजय आणि दहा पराभव, हा या संघाचा लेखाजोखा. सतत प्रवास, वय उलटून चाललेले खेळाडू, सरावातील वेळेवर कुत्र्यांचा हक्क आणि ज्या घटकेला इतर श्वास घेतात त्या घटकेला अंगमेहनतीचे प्रयोग. 'खेळाडू म्हणून ते सामान्य होते' असा शेरा मारण्यापूर्वी हे चार घटक जमेस धरावेत, एवढेच आमचे म्हणणे. गायन आणि थॉर्प हे दोघेही पुढे १९६० च्या दशकात व्यावसायिक फुटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये गेले. सामान्य खेळाडूंना तेथे कोणी नेत नाही.

विक्रमवहीनेही या संघाची एक आठवण जपली, तीसुद्धा दुसऱ्याच्या नावावर. ४ नोव्हेंबर १९२३ रोजी शिकागो बेअर्सविरुद्धच्या सामन्यात थॉर्पच्या हातून चेंडू निसटला. तो जॉर्ज हालसने उचलला आणि ९८ यार्ड धावत जाऊन गोलरेषा ओलांडली. छत्तीस वर्षांचा थॉर्प त्याच्या मागे धावत होता. हा विक्रम १९७२ पर्यंत अबाधित राहिला. बेअर्सनी तो सामना २६-० असा जिंकला. हालसच्या धावेची कथा सांगताना मागून धावणारा माणूस कोण आणि आठवडाभर तो काय करीत होता, हे फारसे कोणी सांगत नाही.

येथवर वाचल्यावर समीक्षेचा विद्यार्थी एका ओळखीच्या वळणावर येईल. हे खेळाडू केवळ बळी होते का? त्यांनी ही प्रतिमा उलटवली नाही का? त्याला पुरावाही सापडेल. संघातील लिऑन बाउटवेल याने नंतरच्या काळात या दिवसांविषयी सांगितले होते, की गोऱ्या लोकांना आम्ही रानटी वाटत असू, वास्तविक आमच्यापैकी बहुतेक जण शिकलेले होते. आणि लोकांच्या त्या समजुतीचा आम्ही धिंगाणा घालायला छान उपयोग करून घेत असू. ही गोष्ट मोलाची आहे, कारण ती आतून आलेली आहे. पात्राला आपण पात्र आहोत हे ठाऊक होते आणि प्रेक्षक काय वाचतो हेही ठाऊक होते. फिलिप डेलोरिया या डकोटा इतिहासकाराने २००४ साली 'इंडियन्स इन अनएक्स्पेक्टेड प्लेसेस' या ग्रंथात एक मुद्दा मांडला आहे: मोटारीत, क्रीडांगणावर, रंगमंचावर इंडियन माणूस दिसला की बघ्याला हसू किंवा आश्चर्य का वाटते? बाउटवेलचे उद्गार त्या प्रश्नाशेजारी ठेवून वाचावेत. हसणाऱ्याकडे पाहून समोरचाही हसत होता, हे तेव्हा कळते.

तरीही येथे 'प्रतिरोध' हा शब्द लगेच उच्चारण्याची घाई करू नये, असे आम्हाला वाटते. गेली काही दशके आपल्या चर्चासत्रांत हा शब्द फार स्वस्त झाला आहे. कोणी थट्टा केली, कोणी डोळा मिचकावला, की झाला प्रतिरोध. दारूच्या गुत्त्यात दंगा करण्याची मोकळीक मिळाली, पण संघ कोणाचा, नावे कोणी छापायची, मध्यंतरात विसावा मिळेल की नाही, यांतील एकही गोष्ट त्या मोकळिकीने बदलली नाही. उलट रात्रीचा दंगा सकाळच्या जाहिरातीला पूरकच ठरत असणार. एवढे मात्र खरे, की त्यांनी ही नोकरी पत्करली ती डोळे उघडे ठेवून. वेतन मिळत होते, जुने सोबती एकत्र होते, आवडता खेळ खेळायला मिळत होता. अरुंद वाटेवरून चालणाऱ्याला वाटेच्या रुंदीवरून दोष देऊ नये, आणि वाट रुंद होती असेही भासवू नये. कायद्याच्या बाजूने पाहिले तरी हेच दिसते. महायुद्धातून सन्मानाने परतलेल्या मूळनिवासी सैनिकांना १९१९ च्या कायद्याने अर्ज करून नागरिकत्व मिळवता येऊ लागले. देशात जन्मलेल्या सर्व मूळनिवाशांना ते मिळाले २ जून १९२४ रोजी. तोवर ऊरँग इंडियन्स इतिहासजमा झाले होते. नवलाई ओसरली, गर्दी घटली आणि १९२३ च्या हंगामानंतर लिंगोने हात आखडता घेतला.

संघ संपला, पण थॉर्पच्या बाबतीत त्याचा नियम संपला नाही. १९०९-१० मध्ये किरकोळ पैशांसाठी बेसबॉल खेळल्याच्या कारणावरून १९१३ साली त्याची ऑलिंपिक पदके काढून घेण्यात आली होती. खेळ विकणे हे पाप ठरले. नऊ वर्षांनी त्याच माणसाचे रूप कुत्र्यांसाठी विकले गेले, ते मात्र कोणालाच खटकले नाही. पुढे त्याने हॉलिवूडमध्ये इंडियनांच्या किरकोळ भूमिका केल्या. आणि १९५१ साली त्याच्या स्वतःच्या आयुष्यावर चित्रपट निघाला तेव्हा थॉर्पची भूमिका बर्ट लँकेस्टर या गोऱ्या नटाने केली. १९५३ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातील मॉक चंक हे गाव शेजारच्या गावासह एकत्र होऊन त्याच्या देहासह त्याचे नाव धारण करते झाले, पर्यटक यावेत या आशेने. मुलांनी देह ओक्लाहोमाच्या मातीत परत नेण्यासाठी न्यायालयात दाद मागितली. २०१४ मध्ये अपील न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेला आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. ऑलिंपिक समितीने त्याला आधी सहविजेता म्हणून आणि अखेर जुलै २०२२ मध्ये एकमेव विजेता म्हणून मान्यता दिली. पदक परत मिळाले. देह अजून जाहिरातीच्या गावीच आहे.

मराठी वाचकासाठी या प्रकरणात एक खास अडचण आहे, आणि तीच त्याची सोयही आहे. 'ऊरँग इंडियन्स' याचे भाषांतर काय करायचे? आपल्या कानाला 'इंडियन' म्हटले की आधी आपणच आठवतो. कोलंबसाच्या भौगोलिक गफलतीतून हे नाव त्यांना चिकटले आणि म्हणून आपल्याला त्यांच्यासाठी 'रेड इंडियन' असा वर्णवाचक शब्द उसना घ्यावा लागला. सिनेमांतून आणि रूपांतरित साहसकथांतून तो आपल्याकडे रुळला. 'आदिवासी' म्हणावे, तर त्या शब्दाबरोबर आपल्या इथल्या जंगलांचा आणि कायद्यांचा इतिहास आत शिरतो. इंग्रजी वाचकाला 'इंडियन' हा शब्द सहज वाटतो आणि म्हणून तो त्याच्यावरून घसरतो. मराठी वाचक मात्र तेथे अडखळतो, आणि तो शब्द म्हणजे बाहेरून डकवलेली चिठ्ठी आहे हे त्याला चटकन दिसते. हे अडखळणे अभ्यासकाने वाया घालवू नये. सॅक अँड फॉक्स, चिपेवा, चेरोकी अशी ज्याची त्याची नावे घेणे जरा लांबण लावणारे असेल. पण या संघाच्या बाबतीत सारा वादच नावाचा असल्यामुळे तेवढी लांबण आवश्यक आहे.

अमेरिकेतही हा हिशेब अलीकडेच चुकता होऊ लागला आहे. वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाने आपले अवमानकारक नाव २०२० मध्ये सोडले. क्लीव्हलँडचा बेसबॉल संघ २०२२ च्या हंगामापासून 'इंडियन्स'चा 'गार्डियन्स' झाला. ऊरँग संघाच्या जन्माला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती. त्या संघांच्या नावात इंडियन होते आणि मैदानात नव्हते. ऊरँगच्या नावातही होते आणि मैदानातही होते. म्हणून ऊरँगचे प्रकरण नाव बदलून मिटण्यासारखे नाही. ते नीट वाचूनच मिटवावे लागेल.

तेव्हा यापुढे कोणी तो गमतीचा परिच्छेद लिहिणार असेल, तर त्याने कुत्र्याची किंमत आणि अस्वलाची कुस्ती खुशाल ठेवावी. त्यांच्या आधी कार्लाइलच्या फळ्याचा उल्लेख करावा, नंतर १८४३ आणि १९२४ ही दोन साले घालावीत, आणि सोळा पराभवांचा आकडा देताना या संघाला मध्यंतर कधी मिळालेच नव्हते, हे वाक्य त्याला जोडावे. परिच्छेद थोडा लांबेल आणि थोडा कमी हसवील. त्यास आमची हरकत नाही.